पिल्लाचे चार मणके

३ मार्च
देवमासा आला! म्हणजे त्याची हाडं. सतरा खोकी. चार कोटी वर्षांपूर्वीचा, मागे वीतभर पाय असलेला. संग्रहालयाच्या दालनात उभा करायचाय — एका बाजूने हाडं उघडी, दुसऱ्या बाजूने जिवंत असावा तसा. हाडं निवडून देणार धाकटी, त्यावर अंग चढवणार मी. हे जमलं की तिची नोकरी पक्की. हिच्या शिक्षणापायी मी शाळा सोडली, आणि आता सख्ख्या बहिणीला चारचौघांत ‘मॅडम’ म्हणायचं!

९ मार्च
“ताई, हाडांवर नुसती कातडी ताणू नकोस गं. उपाशी दिसतोय. चरबी घाल, दातांवर ओठ दे.” — माझा मातीचा छोटा नमुना बघून, सुताराच्या देखत! तो मेला फिदीफिदी हसला. तीस वर्षं माती मळतेय मी. काल आलेली मला शहाणपण शिकवणार!

१० मार्च
ती तसल्याच दुसऱ्या देवमाशाची कवटी मोजून घ्यायला परगावी गेली. माझ्या टेबलावर सुटी हाडं, आणि त्यांवर तिच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. सगळ्या गोळा केल्या, कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या, हाडं बाकीच्यांत सरकवली. हाडं काय वाचायला बसणारेत?

१८ मार्च
मणके ओवता ओवता हात थांबला. चार मणक्यांच्या कडा खरखरीत, टोकाच्या चकत्या अजून जुळलेल्याच नाहीत. वाढत्या पिल्लाचे हे! बाकीचे चांगल्या थोराड जनावराचे. बाईसाहेबांनी दोघांची हाडं एकत्र केली!

हसू आवरेना. चारही ओवले. देवमासा तीन हात लांबला. लांबू दे. भरल्या दालनात धाकटी तोंडावर पडेल.

२ एप्रिल
परतली. लावलेल्या हाडांची यादी पुढे केली, तर बघेचना. “तू लावलंयस ना? मग काय बघायचं!” — आणि सही. यादी मी फायलीला लावली.

१५ एप्रिल
उद्घाटन. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने मणक्यांकडे काठी रोखली. “हा एक मासा, की दीड?” सगळे हसले. मीही.

“चूक माझी,” धाकटी म्हणाली. एवढंच. संचालकांनी संध्याकाळीच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मी घरी येऊन पोटभर जेवले.

१६ एप्रिल
तिचं टेबल आवरायचं काम माझ्याच गळ्यात. खणात वही सापडली. तिचं अक्षर — “चार मणके दुसऱ्या जनावराचे. वेगळे काढून ताईच्या टेबलावर ठेवलेत, वर चिठ्ठी लावलीय. हात लावताच ताईला कळेल म्हणा. तरी असू दे.”

टोपली! माझीच टोपली!

१७ एप्रिल
तिचा फोन. रडली नाही, भांडली नाही. “चिठ्ठी कुठेतरी पडली असेल, ताई. पण तुझ्या हाताला कळलं नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग चूक माझीच गं.”