जाळ कमी हाय

तीर्थरूप आप्पा,

लांबूनच पाया पडते. फोन लावला की तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच आईकडं देता, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघं अमेरिकेतल्या एका जंगलात तंबू ठोकून राहिलोय. इथं जमिनीतनंच वाफ निघते. पहाटे पुढं चालणारा मृत्युंजय वाफेत विरघळून जातो, मग नुसती त्याची शीळ ऐकू येते. सपनात चालल्यासारखं वाटतं. अस्वलांची काळजी करू नका, खाणं आम्ही लोखंडी पेटीत ठेवतो. गवे आपल्या दाजीपूरसारखेच, फक्त केसाळ.

आईचा गुडघा कसा हाय? खरं सांगा.

काल एका खड्ड्यात चिखल रटरटत होता. बघून पाय तिथंच थबकले. हुबेहूब आपल्या गुऱ्हाळातली रस उकळायची काहिल! वास तेवढा नासक्या अंड्याचा. मृत्युंजय किती तरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आप्पा इथं असते तर म्हणाले असते, जाळ कमी हाय."

आप्पा, तो मागणी घालायला आलता, तेव्हा तुम्ही काहिलीवरची नजरसुद्धा काढली न्हाय. "जाळ कमी हाय" एवढंच म्हणालात. नव्या कपड्यांनिशी तो दिवस मावळेपर्यंत काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारत बसला. पुढं लग्नालाही तुम्ही आला न्हाय.

तुमचे तेवढेच शब्द त्याच्याजवळ हायत. जपून वापरतो.

गुऱ्हाळ सुरू झालं की आम्ही येतोय. नसंल बोलायचं तर बोलू नका. त्याला जाळ घालायला तेवढं बसवा.

तुमचीच,
निशिगंधा