अवसेचं पाणी

प्रिय अयोध्याअक्का,

कामावरचा शेषेराव उद्या उदगीरला निघालाय, त्याच्या हातानं हे देतोय. एकटीच असताना वाच. फोनवर बोललो असतो, पण तुझा फोन सासूबाई स्पीकरवर लावतात, अन् इकडं दाजी माझ्या शेजारीच असतात. त्यांचा पाय पायरीवरून घसरून मुरगळला असं तुला सांगितलंय. तसं न्हाई.

येळवशीला ठेकेदारानं जेट्टीचं काम बंद ठेवलं, पण गावाला जाऊ दिलं न्हाई. दाजी म्हणाले, "पूजेला वावर न्हाई तर न्हाई, अमावस्या तर हाय!" सकाळी खाडीचं पाणी पार लांब गेलेलं. मधी वाळूचा उंचवटा, नांगरून ठेवलेल्या रानासारखा. तिथंच आम्ही झावळ्यांची कोपी उभी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, भज्जी-आंबील ठेवली. चंद्र समुद्राला ओढतो, हे पुनवेच्या भरतीला ऐकलं होतं. दाजी म्हणाले, आज चंद्रच न्हाई, तर ओढणार कोण?

पाणी समोरून आलंच न्हाई अक्का, पाठीमागच्या खोलगट नाळीतून गुपचूप आलं. पूजा निम्मी व्हायच्या आत चारी बाजूंनी पाणी. पळताना दाजी मांडीपर्यंत चिखलात रुतले. मी वर ओढत होतो अन् ते खालीच चाललेले, पाय तिथंच मुरगळला. पाणी छातीला लागलं तेव्हा एका होडीवाल्यानं दोर टाकला. ओढता ओढता शिव्या घालत होता, "चंद्र दिसत नाय म्हणून मेला काय रे तो? आज सूर्य नि तो एकाच अंगाला, दोघं मिळून खेचतात!" म्हणूनच सकाळी पाणी एवढं लांब गेलं होतं, अन् तेवढंच वर चढलं. अवसेला पुनवेसारखंच उधाण येतं.

एवढं होऊनही दाजी ऐकत न्हाईत. म्हणतात, "पांडव बुडाले, पूजा अर्धी सुटली. घरात पाळणा हलायचा हाय, अन् मी हे असंच ठेवू?" येत्या अवसेला त्याच जागी जाऊन पूजा पुरी करणार. चुन्याची पुडी आणून उशाशी ठेवलीय. मी भांडलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेव्हणा मिळाला तो बी भित्रा!"

माझं ते ऐकणार न्हाईत. अवसेच्या आधी त्यांना बोलावून घे. कळा सुरू झाल्यात म्हण. पोटातल्या लेकराच्या नावानं खोटं बोलायला लावतोय, कळतंय मला. पण खरं कारण सांगितलंस, तर त्याच लेकरासाठी ते पाण्यात जातील.

तुझाच पाठचा,
किशन