पाकोळ्यांना बोलावणारा भोंगा

५ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचा! काहायान नदीकाठच्या या गावात आजपासून मी पाकोळ्यांचा राखणदार. त्यांच्या लाळेच्या घरट्यांना सूपासाठी मोठी मागणी, म्हणून त्यांना तीन मजली सिमेंटची इमारत आणि मला बाहेर लाकडी खोपटं! छतावरच्या भोंग्यातून पाकोळ्यांचा ध्वनिमुद्रित चिवचिवाट दिवसभर चालतो. उडत्या पाकोळ्यांना वाटतं, आत आपलीच मंडळी आहे, की शिरल्याच. शेजारचे म्हातारे जुलाक असरानी म्हणाले, "पाखरांना फसवायला थेट बंजारमासीन शहरातून आलास होय रे? बायको फसली तेवढं पुरे नव्हतं?" बायकोला, मस्लियानीला फोनवर सांगितलं, तर तीही खूप हसली.

१९ सप्टेंबर
पाऊस नाही. दलदलीची माती जमिनीखालून जळते आहे. धुरामुळे भरदुपारी दिवा लावावा लागतो. यंदाची पिल्लं आज थव्याने समुद्राकडे निघाली, मागोमाग थोरल्याही. जुलाक म्हणाले, जाऊ दे, जातील त्याच वाचतील, त्यांच्यावरच पुढची वीण टिकेल. इमारतीच्या मालकांनी फोनवर दम भरला, एकही जाता कामा नये, भोंगा मोठा कर. मी केला. थवा नदीवर घुटमळला आणि परत फिरला. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

२४ सप्टेंबर
सगळ्या मेल्या. इमारतीत धूर कोंडला. जमिनीवर घोट्याएवढा थर, काही घरट्यांना नखं रुतवून तशाच लटकलेल्या. मी बोलावलं म्हणून आल्या होत्या. भोंगा बंद केला. गाव होड्यांतून निघालं. जुलाकांनी हात धरून ओढलं, म्हणाले, मेलेल्यांची कसली राखण करतोस? मी म्हटलं, एवढं झाडतो, परवा निघतो.

२६ सप्टेंबर
भोंगा वाजतोय. तारा मी स्वतः कापल्यात. गावात कुणी नाही. मला भीती वाटते.

२७, सकाळ
होडी सोडली. पहिल्या वळणावर मागून हाक आली. मस्लियानी. म्हणते, अहो, कुठे निघालात, भात निवतोय. ती बंजारमासीनला आहे. आजच सकाळी फोनवर रडत होती, निघा म्हणून. मला माहीत आहे हा आवाज तिचा नाही. तरी वल्हं उलटं पडतंय, हात ऐकत नाहीत —

दुपार
पाकोळ्यांच्या इमारतीच्या दाराशी आहे. आत जुलाक हसताहेत, सगळं गाव हसतंय — ते तर गेले होते — श्वास — पळायला हवं, होडी इथेच आहे, पण ती पुन्हा बोलावते — इतक्या मायेनं — फक्त एकदा बघून —