पोतनीस स्टुडिओचं डायव्हर्सिफिकेशन

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. काल मोबाइलवर फुकट वेबिनार पाहिला : कठीण काळात फोटोग्राफीचा धंदा कसा वाढवाल. शेवटची वीस मिनिटं नेट गेलं, पण मुद्दा कळला. डायव्हर्सिफिकेशन. मराठीत बहुधा विविधीकरण. पण तसं म्हटलं की उत्साह जातो.

परिस्थिती : या सीझनला लग्नाच्या ऑर्डरी दोन. त्यातली एक मेव्हण्याची. पासपोर्ट फोटो समोरचा झेरॉक्सवाला काढतो. शेजारचे पॉवरलूम एका शिफ्टवर आलेत. पूर्वी त्यांच्या खडखडाटाने माझा ट्रायपॉड थरथरायचा. आता सव्वीस वर्षांत प्रथमच स्टुडिओत फोटो शार्प येतात. काढून घ्यायला मात्र कोणी येत नाही.

बायकोला, सुचेताला, प्लॅन सांगितला. ती शाळेतून येऊन वह्या तपासत होती. म्हणाली, "अहो, आधी स्टुडिओतला पंखा पुसा." शिक्षकी पेशा. व्हिजन कमी.

संकल्प : मार्चअखेर तीन नवे विभाग.

७ जानेवारी

पंखा पुसला. हे तिने सांगितलं म्हणून नव्हे.

९ जानेवारी, गुरुवार

विभाग पहिला : प्रॉडक्ट फोटोग्राफी. दापोड्याला एवढी गोदामं, आत एवढा माल, आणि आजवर एकाही फोटोग्राफरला सुचलं नाही! पाच गेटवर वॉचमननेच परत पाठवलं. सहाव्या गोदामाचे सुपरवायझर चांगदेव भोईर निघाले आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाचा अल्बम माझाच. म्हणाले, मालकाला वेबसाइटसाठी मिक्सरचे फोटो हवेत, बघा ट्राय करून.

एक मिक्सर घरी आणला. मागे काळा पडदा, बाजूने एकच लाइट. भांड्याच्या कडेवर प्रकाशाची बारीक रेघ, बाकी अंधार. रात्री उशिरापर्यंत काम. कितीतरी वर्षांनी जेवणाची आठवण राहिली नाही.

१५ जानेवारी

चांगदेवना फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिले. माणूस हलला होता.

मग म्हणाले, "पोतनीस साहेब, यात मिक्सर कुठं हाय?"

दाखवला. तर म्हणाले, "बटनं दिसत न्हायत. रंग कोनता तेपन कळत न्हाय. गिऱ्हाईक काय समजंल?" त्यांच्या एका लोडरने दरवाजातल्या उन्हात मिक्सर ठेवून फोनवर फोटो काढला होता. मालकाने तोच घेतला. सपाट, भगभगीत, बटणं मोजून घ्यावीत असा.

कमर्शियल लोकांची नजर तयार व्हायला वेळ लागतो. पहिला विभाग तूर्त स्थगित. बंद नव्हे.

२ फेब्रुवारी, रविवार

विभाग दुसरा : प्री-वेडिंग. सुचेताच्या शाळेतल्या बाईंचा मुलगा मिहिर, त्याची होणारी बायको आसावरी. लोकेशन अकलोली, गरम पाण्याची कुंडं. वाफेतलं प्रेम. आयडिया माझी.

कॅमेरा मुद्दाम गाडीत एसीसमोर ठेवला होता, लेन्स जपावी म्हणून. बाहेर काढताक्षणी सगळी काच धुक्याने भरली. पुसली की परत. दोघांना म्हटलं, पाय पाण्यात सोडून बसा, हलू नका, एकमेकांकडे बघा, मी आलोच. वीस मिनिटं गेली. आसावरीने मधेच पाय काढून घेतले. मिहिर आज्ञाधारक. उठला तेव्हा घोट्यापर्यंत लाल, जणू मोजे घातलेत. आसावरी हसली. त्याला राग आला. तिला त्याच्या रागाचा राग आला. परतीच्या वाटेवर गाडीत फक्त मीच बोलत होतो, अ‍ॅपर्चरविषयी.

साठ फोटो. सगळे पांढरे. एक-दोनांत नाकं आहेत. याला ड्रीमी म्हणतात.

कुंडाजवळ बोरं विकणारी एक म्हातारी, बुधी, पाठीच लागली. "माजा न् माज्या म्हाताऱ्याचा फोटू काड ना रं. दोगांचा येकपन न्हाय." म्हटलं, आजी, मी आता फक्त थीमवर काम करतो. ती म्हणाली, तीपन घेऊन ये.

११ फेब्रुवारी

मिहिरच्या लग्नाची पत्रिका आली. वर त्यांनी स्वतःच काढलेला सेल्फी. लग्न होतंय, हे महत्त्वाचं. निदान माझ्यावर बालंट नाही.

एका मोठ्या फोटो-स्पर्धेची जाहिरात पाहिली. विषय : आदिवासी जीवन. एकदम बुधी आठवली. विभाग तिसरा : आर्ट. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

बुधीच्या पाड्यावर गेलो, आधी निरोप धाडून. अकलोलीच्या पुढे, शेवटचा अर्धा तास पायी. सुचेताही आली, रविवार म्हणून. तिचा म्हातारा, बाबू, अंगणात तयार होऊन बसलेला. पांढरा सदरा, पेटीतल्या घड्या तशाच. बुधी नव्या लुगड्यात. केसाला तेल. सगळी ऑथेंटिसिटी गेली!

म्हटलं, रोजचे कपडे घालून या. बाबू म्हणाला, "रोजचं रोज हायच की." त्याला बोलताना दम लागतो. दोन शब्दांनी थांबतो. बुधी म्हणाली, सदरा जावयाने लग्नात दिलेला आहे, कधी घातलाच नव्हता.

मी मार्ग काढला. अगदी जवळून टिपलं, म्हणजे कपडे फ्रेममध्ये येतच नाहीत. तिच्या हाताच्या सुरकुत्या. त्याची मान. त्याचा कान, मागून ऊन घेऊन, अप्रतिम. दोन तास. मधे बाबू आत जाऊन आडवा झाला, परत आला.

निघताना बुधी सुचेताला काहीतरी म्हणाली. सुचेताने दोघांना दाराशी उभं केलं आणि फोनवर एक फोटो काढला. मी लेन्स पुसत होतो. मधे कोंबडी आली होती. तिने ती हाकललीसुद्धा नाही.

२ मार्च, रविवार

पाड्यावर प्रिंट दिले. भेट म्हणून. ब्लॅक अँड व्हाइट, मोठी साइज, मॅट पेपर. बुधीने हाताचा फोटो उलटा धरला. मी सरळ केला. तिने परत उलटा केला. "ह्यो कोनाचा?" तुझाच. "न् मी कुठं हाय?"

मग बाबूचा कान दाखवला. तिने तो शेजारणीला दाखवला. शेजारीण हसली. बुधी हसली नाही. म्हणाली, "पाय न्हायत, तोंड न्हाय. आखा मानूस आलाच न्हाय."

सुचेताने पर्समधून तिचा प्रिंट काढला. झेरॉक्सवाल्याकडून करून आणला होता! माझ्या स्टुडिओत प्रिंटर असताना! विचारलं तर म्हणाली, "तुमचा मॅट पेपर संपला होता."

बुधीने तो फोटो बाबूला दिला. तो खूप वेळ बघत बसला. पायांवर बोट ठेवलं, त्याच्या, मग तिच्या. कोंबडीवरही. मग म्हणाला, "बरोबर हाय."

परतताना मी सुचेताला फ्रेमिंगमधल्या चुका समजावून सांगितल्या. ती हो म्हणत होती.

१२ मार्च, बुधवार

बाबू गेला. पाड्यावरून सुचेताच्या फोनवर निरोप आला. माझा नंबर त्यांच्याकडे नाही बहुधा. कार्ड दिलं होतं.

१६ मार्च, रविवार

जाऊन आलो. भिंतीला तो फोटो, हार घातलेला. बुधीही त्यात आहे म्हणून हार फक्त अर्ध्या भागावर, खिळ्याला ओढून बांधलाय. येणारा प्रत्येकजण आधी फोटोपुढे उभा राहतो, मग खाली बसतो.

फोटो डावीकडे थोडा कललेला आहे. होरायझन चुकलाय. मीही आधी त्याच्यापुढे उभा राहिलो, मग खाली बसलो.

बुधीने मला चहा दिला. म्हणाली, "तू आनलंस तिला, बरा केलास."

२३ मार्च, रविवार

आता सगळ्या पाड्याला फोटो हवेत. जोडीजोडीने, पायासकट. सुचेताने दर रविवारी यायचं कबूल केलंय. आज अकरा घरं झाली. लोक सरळ उभे राहतात, हात बाजूला, हसत नाहीत. ललिता नावाच्या बाईने बैल मधे उभा केला. सुचेताने तोही घेतला, शेपटीपर्यंत.

मी मागे पांढरी चादर धरली होती. बॅकग्राउंड हा फोटोग्राफीचा पाया आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. दुपारी हात भरून आले. एकदा चादर खाली आली, तेव्हा सुचेता वर्गात ओरडते तशी ओरडली.

स्पर्धेचा मेल आला. कान निवडला गेला नाही.

२६ मार्च

चांगदेवचा फोन. गोदामात जागा आहे. निघणाऱ्या प्रत्येक खोक्याचा फोटो काढायचा, तक्रार आली तर दाखवायला. पगारी काम. "तुमच्यासारखा मानूस आमाला कुठं मिळनार," म्हणाले.

इंडस्ट्रियल फोटोग्राफी! म्हणजे पहिला विभाग सुरू झाला. मी स्थगितच म्हटलं होतं.

स्टुडिओ संध्याकाळी शाळा सुटल्यावर सुचेता बघणार. मी आणलेला मॅट पेपरचा नवा गठ्ठा तिने आजच माळ्यावर टाकला.

१ एप्रिल, मंगळवार

पहिला दिवस. नवा शर्ट, कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड. गेटवर वॉचमनने अडवलं. "अंदर कॅमेरा अलाऊड नहीं." त्याला सांगितलं, मी फोटोग्राफरच आहे. म्हणाला, फोटो कंपनीच्या फोनवरून निघतात. कॅमेरा लोडरांच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवला आणि मला पत्र्याचं टोकन दिलं.

मग ऑफिसातल्या मुलीने आयडी कार्डासाठी माझा फोटो काढला. फोनवर, भिंतीला टेकवून, तीन सेकंदांत. मी लाइट फ्लॅट असल्याचं सांगत होतो, तोंड उघडंच होतं. "अंकल, हो गया," म्हणाली. दुपारी कार्ड मिळालं. नाव बरोबर. पदाच्या जागी 'हेल्पर'.

चारशे खोकी. चारही बाजूंनी. चांगदेव म्हणाले, एकदम क्लिअर येतायत.

संध्याकाळी निघताना टोकन सापडेना. सगळे खिसे पाहिले. वॉचमन म्हणाला, कार्ड दाखवा. दाखवलं. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"ये आप नहीं लगते."

लाइटचं समजावलं. ऐकेना. शेवटी सुचेताला फोन लावायला लावला आणि माझ्या हातातून घेऊन स्वतःच बोलला. स्पीकर चालू होता. सुचेताने विचारलं, फोटोत तोंड उघडं आहे का? तो म्हणाला, हाँ जी.

"मग तेच आहेत," सुचेता म्हणाली.

त्यानंतर कॅमेरा मिळाला.