एकोणचाळीस टाचण्या

मंगळवार, ता. ११

चिमणे,

आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट. तुझ्या आईचा खोकला गेला, तुझ्या बापाचं घोरणं तेवढं राहिलंय. माझी शाळा तिसरीत संपली, तेव्हा अक्षर लावून वाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदाचं लचांड.

चिंध्याला जाऊन आज अठरा दिवस झाले. तू फोनवर विचारलंस, "आजी, तू त्याला काय खायला घातलंस?" मी गप्प बसले. तू काय समजायचं ते समजलीस आणि फोन ठेवलास. गप्प बसणारी बाई मी नव्हे, म्हणूनच तुला संशय आला असणार.

खायला रोजचंच घातलं होतं. खाल्लं, टपालवाल्यावर भुंकला आणि शिलाई मशीनखाली कपड्यांच्या चिंध्यांवर जाऊन पडला, नेहमीसारखं नाक पॅडलला लावून. मी पडद्यांना दुमड घालत होते. दुपारी पायाने ढोसलं, ऊठ रे आळशा, तर उठला नाही. दोन वर्षांचं जनावर, कधी शिंकलंसुद्धा नव्हतं.

जनावरांचा डॉक्टर म्हणाला, हृदय असेल, विष असेल, काहीतरी गिळलं असेल. कापून बघितलं तर कळेल. मी म्हटलं, "गेलेल्या जिवाची चिरफाड नको." तुझ्या बापाला वाटलं, म्हातारीला माया आली.

माया कसली. घाबरले होते मी.

तू रांगायला लागलीस तेव्हापासून मी रोज टाचण्या मोजते. डबीत चाळीस. त्या दिवशी डॉक्टर यायच्या आधीच मोजल्या. एकोणचाळीस. लोहचुंबक फिरवलं, झाडलं, मशीन सरकवलं. नाही म्हणजे नाही. त्याच्या पोटातून माझी टाचणी निघाली असती तर तुला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? तुझ्या बापाने मागच्या भिंतीपाशी त्याला पुरलं, मी नुसती बघत राहिले.

परवा पलीकडच्या गल्लीतली मास्तरीण तणतणत आली. चिंध्या गेला त्याच सकाळी तिने माझ्याकडून कोट शिवून नेला होता. परवा पहिल्यांदा घातला आणि टाचणी खांद्यात रुतली. म्हणाली, डोळे फुटले का तुझे? एरवी दारातूनच वाटेला लावली असती. मी टाचणी घेतली, डबीत टाकली, तिच्यासमोरच मोजल्या. चाळीस भरल्या. मग तिला चहा केला. तो बघून बाई जी घाबरली ती पुढे बोललीच नाही.

तर टाचणी नव्हती. मग काय होतं? ते आता कोणालाच कळायचं नाही. कळायची एकच वेळ होती, ती मी माझं तोंड वाचवायला घालवली. खाण्यावरून रागावू नकोस, ते खोटं आहे. यावरून रागाव, हे खरं आहे.

त्याचं भांडं घासून फळीवर ठेवलंय. मशीनखालच्या चिंध्या मात्र तशाच आहेत. तुझी आई रोज कटकट करते. तिला सांगितलंय, मला सवड नाही.

सुट्टीत यायचं तर ये. यायचं नसेल तर दोन ओळी शिव्यांच्या लिही. तेवढं मला वाचता येतं.

पॅडलवर अजून जपूनच पाय ठेवणारी,
तुझी आजी