बांधाच्या पायथ्याचं अळू

९ फेब्रु., रवि.

इथला उन्हाळा, आज परत चाळीसच्या वर. गावातली सगळी लॉन्स करपली आहेत, आमचं तर पापडासारखं मोडतं. आईंचं अळू मात्र सुपाएवढं. मेलबर्नजवळच्या वेरिबीहून माझी मैत्रीण शिल्पा आणि तिचा नवरा एवढी गाडी हाकत आले, म्हणे "तुम्हाला भेटायला". डिकीत रिकामं एस्की, थंड ठेवायचा डबा! भरून नेलं. आईंनी प्रत्येक जुडीबरोबर उपदेश दिला: तांदूळ धुतलेलं पाणी घालायचं, तेही पहिलं. शिल्पा म्हणाली, "काकू, हाताला गुण आहे हो तुमच्या." आई चक्क लाजल्या. लग्न झाल्यापासून अमोलच्या आईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आईंची एक तुळस होती. तीही दर वर्षी नवी आणावी लागे. बाबा गेल्यावर अमोलने त्यांना इकडे आणलं, तेव्हा कितीतरी महिने खिडकीत बसून "अगं, इथे माणसं असतात कुठे?" एवढंच विचारायच्या. मग शेजारची म्हातारी, मार्ग तिचं नाव, त्यांना कम्युनिटी गार्डनमध्ये घेऊन गेली. व्हिएतनामी दुकानातून आणलेला एक कंद लावला आणि बाई बदलल्याच.

आता गावात त्यांना 'आँटी' म्हणतात. मला 'आँटीज डॉटर-इन-लॉ'. चार वर्षं इथल्या कौन्सिलात इंजिनियर आहे मी, पण असो.

१२ फेब्रु., बुध.

लेव्हीची पाहणी अखेर सुरू. लेव्ही म्हणजे गाव आणि नदीच्या मधला जुना मातीचा बांध. आई त्याला बांधच म्हणतात. कुठल्याशा जुन्या पुरानंतर गावकऱ्यांनीच हाताला येईल ती माती टाकून उभा केला. आत काय आहे याचा नकाशा नाही. आमचा वर्क्स सुपरवायझर ग्रेग म्हणतो, "बिट ऑफ एव्हरीथिंग, मेट. माय ओल्ड मॅन रेकन्स देअर्ज अ यूट इन देअर." म्हणजे आत एक अख्खी पिकअप गाडी पुरलेली आहे म्हणे.

मेलबर्नच्या कन्सल्टन्सीतून हॅना आली आहे, मातीची तज्ज्ञ. वयाने लहान, टोपी मोठी. आज उत्तरेकडचा भाग चालून झाला. सशांची बिळं, गम ट्रीची, म्हणजे निलगिरीची, मुळं, एका महाशयांनी बोट उतरवायला बांधात पायऱ्या कापलेल्या. त्यांना विचारलं तर म्हणे, पायऱ्या आधीपासूनच होत्या. पायऱ्यांवर सिमेंट ताजं.

१३ फेब्रु., गुरु.

कम्युनिटी गार्डनच्या मागचा भाग.

हॅना चालता चालता थांबली. सगळीकडे वाळकं गवत आणि बांधाच्या पायथ्याशी एक हिरवागार पट्टा. मी तिथून शेकडो वेळा गेले आहे. पाण्याचे डबे पोचवले आहेत, अळू आणलं आहे. कधी मनात आलं नाही. खालच्या शेतांसाठी धरणातून पाणी सोडतात, म्हणून इथली नदी उन्हाळ्यातच काठोकाठ असते. हेही मला माहीत. कामाच्या वेळी इंजिनियर, घरच्या वेळी सून, आणि दोघींची आपसात बोलाचाल नाही.

हॅनाने बुटाची टाच दाबली. खळग्यात पाणी आलं. गार, अगदी स्वच्छ.

"हू ग्रोज द एलिफंट इअर्स?" तिने अळूकडे बोट केलं.

"माय मदर-इन-लॉ."

ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली.

पाणी बांधाखालून येतंय. स्वच्छ आहे तोवर घाबरायचं नाही. गढूळ आलं तर समजायचं की ते बांधाखालची माती घेऊन येतंय, बांध आतून पोखरतोय. आणि पुराच्या दिवसांत, म्हणजे इथल्या जून-ऑगस्टच्या हिवाळ्यात, तो तिथेच खचेल. बागेच्या पलीकडे शाळा आहे. आमच्या लेकीची, इराची.

हॅनाने रिपोर्टमध्ये घेतलं. घ्यायलाच हवं होतं, मीच तिला जागा नीट दाखवली.

१४ फेब्रु., शुक्र.

अमोलला सांगितलं. म्हणाला, "आईला इतक्यात नको सांगूस."

"मग कधी? बुलडोझर आल्यावर?"

"तू रागावतेस कशाला?"

मी रागावले नव्हते. रागावले होते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, आणि हा म्हणतोय इतक्यात नको.

१६ फेब्रु., रवि.

सांगितलं. त्या देठ सोलत होत्या. मी इंजिनियरसारखं सांगितलं, म्हणजे वाईट सांगितलं. नदीची पातळी, वाळूचा थर, पाण्याचा दाब. वहीच्या पाठीमागे आकृतीसुद्धा काढली. काय अवदसा आठवली!

त्यांनी आकृती बघितली. म्हणाल्या, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बांध गळतोय तर बांध दुरुस्त करा. माझं अळू का उपटता?"

मी म्हटलं, दुरुस्ती तिथूनच करावी लागते, पायथ्याशी, खोदून.

त्यांनी पुढचा देठ घेतला. हात चालू.

"म्हणजे ते नदीच्या पाण्यावर वाढत होतं."

"हो."

"माझं काहीच नाही का गं त्यात?"

खरं तर शेजारच्या वाफ्यांत तेच पाणी होतं आणि त्यात कुणी एवढं काही उगवलं नाही. हे आत्ता, लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त "तसं नाही हो आई" म्हटलं, जे कुणीही कुणालाही म्हणतं.

रात्री जेवल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या.

२६ फेब्रु., बुध.

चाचणीचा खड्डा. काल आईंनी स्वतः कंद काढले, कुणाला हात लावू दिला नाही. मार्गला तेवढा दिला. मार्ग पंच्याहत्तरीची, गुडघे बदललेले, पण कंदांचा टब उचलायला पुढे. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळते, आणि उरलेल्या निम्म्याशिवाय त्यांचं छान चालतं.

खड्ड्यात वर चिकणमाती, तिच्याखाली वाळू. नदीची, धुतलेली, पांढरी. बघता बघता बाजूने पाणी शिरलं. हॅना म्हणाली, इथे कधीकाळी ओहोळ असणार, लोकांनी तो बुजवून वर बांध टाकला.

ग्रेग टोपी काढून उभा. "वेल. दॅट्स नॉट अ यूट."

आई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी बघितलं नसावं.

२२ मार्च, शनि.

गार्डन बंद. नवी जागा फूटी ओव्हलच्या, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या वर, उंचावर. कोरडी, खडकाळ, पण नळ आहे. सगळ्यांना वाफे दिले. आईंचाही आहे, मार्गच्या शेजारी, नावाची पाटी लावून. त्या गेल्या नाहीत. टब आमच्या बॅकयार्डात. रोज दोनदा पाणी घालतात. पानं तळहाताएवढीच येतात.

इराने विचारलं, "आजी, व्हाय आर दे सो टायनी?"

"आता ती माझी आहेत म्हणून," आजी म्हणाली.

इराला कळलं नाही. मला कळलं, आणि मी कपडे वाळत घालायला बाहेर गेले. कपडे सकाळीच घातले होते.

१० एप्रिल, गुरु.

शिल्पाचा फोन, अळू आहे का? आईंनी मला खुणेने 'नाही म्हण' सांगितलं. बागेत काहीच नाही का, तिने विचारलं. मी म्हटलं, सीझन संपला.

फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "मंजिरी, अमोलला सांग, माझं तिकीट काढ. व्हिसा आहे म्हणून राहायलाच पाहिजे असं नाही."

आवाज साधा. मीठ संपलंय सांगावं तसा.

१५ मे, गुरु.

हॉलमध्ये गावाची सभा. हॅनाने दोन पर्याय मांडले. आहे तिथेच बांध मजबूत करायचा, पायथ्याशी खडीचा थर आणि वजन टाकून. नाहीतर बांधाची सगळी ओळच मागे घ्यायची, म्हणजे नदीकाठची काही घरं बांधाच्या बाहेर राहतील. घरवाले उठून उभे राहिले. एक बाई रडली. हॅना शांतपणे उत्तरं देत होती. काहीही ठरलं तरी यंदाच्या हिवाळ्याआधी काम होत नाही. निधी, परवानग्या.

मग ग्रेग उठला. तोवर बांधावर नजर ठेवायला माणसं हवीत, म्हणाला. नदी चढली की रोज फेरी, जुन्या गार्डनपाशी पाणी स्वच्छ येतंय की गढूळ एवढंच बघायचं. गढूळ दिसलं की लगेच फोन.

मार्गने हात वर केला. "मी अँड आँटी."

आई माझ्या शेजारीच. "ही काय म्हणाली?" मी सांगितलं. "मला न विचारता? मी तर ऑगस्टात जाणार!" मार्ग त्यांच्याकडे बघून अंगठा दाखवत होती. आईंनी रागारागाने तिलाही अंगठा दाखवला. बहुतेक इकडे त्याचा अर्थ 'हो' होतो हे विसरून.

तिकीट काढलंय. ३१ ऑगस्ट, रविवार.

२८ जून, शनि.

कडाक्याचं दंव. टबातलं अळू एका रात्रीत काळं पडलं. कंद जिवंत असेल तर वसंतात फुटेल, असं मी म्हटलं. आई म्हणाल्या, "असेल." उकरून बघितलं नाही. मीही नाही.

२ ऑगस्ट, शनि.

वर डोंगरात पाऊस चालूच आहे. नदी चढतेय. मार्ग सकाळी गेटबाहेर हॉर्न वाजवते. आई पहिल्या दिवशी कुरकुरत गेल्या. सलवारीवर अमोलचे गमबूट, डोक्याला मफलर. परत आल्या तेव्हा गाल लाल. "स्वच्छ आहे," एवढं सांगून पोळ्यांना लागल्या.

आज बरणीत पाणी भरून आणलं. म्हणे नुसतं बघून कळत नाही, ठेवून बघायला हवं. लोणच्याची बरणी, माझी.

१४ ऑगस्ट, गुरु.

खिडकीत बरण्यांची रांग. प्रत्येकीवर मास्किंग टेपवर वार, मराठीत. इरा शाळेतून आली की आधी तिथे जाते. "आजी, क्लिअर!" "नीट बघ, उजेडात धर." "क्लिअर, आजी!"

ग्रेगचा मेसेज आला: टेल आँटी शी'ज अ लेजंड. सांगितलं. विचारलं, लेजंड म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे ग्रेट. "त्यात काय ग्रेट? पाणी तर नदीचं." पण मग मार्गला फोन लावून बराच वेळ हसत बसल्या. बेडरूममध्ये दार लावून.

अमोल म्हणतो, आई रमली आहे, तिकीट रद्द करू या का? मी म्हटलं, तू विचार. तो म्हणाला, तू विचार. आमच्या घरी हे असंच. मुलगा आईला विचारत नाही, सून सासूला विचारत नाही, आणि सगळे चहा पितात.

२३ ऑगस्ट, शनि.

सूटकेस हॉलमध्ये उघडी. बहिणींसाठी लॅनोलिन क्रीम, भाच्यांसाठी चॉकलेटं. वजनकाट्यावर ठेवलं, काढलं, ठेवलं.

नदी आणखी चढली. बोट उतरवायच्या पायऱ्या पाण्याखाली. सॅंडबॅग भरायला आज अर्धा गाव आला होता. नदीकाठची ती सभेत रडलेली बाईही. तिच्या घराबद्दल अजून काही ठरलेलं नाही, आणि ती बिचारी शाळेच्या बाजूला बॅगा रचत होती. आईंनी तिला ठेपले दिले.

२९ ऑगस्ट, शुक्र.

ऑफिसात असताना आईंचा फोन. त्या मला ऑफिसात कधी करत नाहीत.

"अगं, आजचं पाणी जरा... मला नक्की सांगता येत नाही. मार्ग म्हणते स्वच्छ. मला नाही वाटत."

ग्रेगला घेऊन गेले. पायथ्याशी पाणी जोरात, झऱ्यासारखं. ग्रेगला स्वच्छ वाटलं. मला एकदा वाटलं, एकदा नाही. तिघांची तीन मतं. हॅनाला फोन केला, ती पहाटे निघून येतेय. ग्रेगची माणसं रात्रभर बांधावर. शाळेला कळवलं.

घरी आले. इरा झोपलेली. आई ओट्यापाशी उभ्या, समोर आजची बरणी. हलवू नकोस म्हणाल्या. दोघी बघत राहिलो. तळाशी काहीतरी धूसर, किंवा काचेचाच रंग.

मग म्हणाल्या, "सोमवारी कोण बघणार?"

मार्ग आहे, ग्रेग आहे, मी आहे, असं म्हणता आलं असतं. मला ते म्हणायचं नव्हतं. मला त्या जायला नको आहेत. बागेसाठी नाही, बांधासाठी नाही, इरासाठीसुद्धा नाही. मलाच त्या हव्या आहेत.

म्हटलं, "आई, तुम्ही थांबाल का?"

इतक्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बरणी अलगद उचलून दिव्याखाली नेली.

"आधी हे खाली बसू दे," म्हणाल्या. "मग बोलू."