सांगितलेला रस्ता

५ जानेवारी
नोकरी लागली, तीही मोठ्या ट्रकवर! यार्डातल्या खोलीत हीटर आहे, खाट आहे, खिडकीबाहेर पांढऱ्या दुलया पांघरून गाड्या उभ्या. जोडीला एक वयस्कर ड्रायव्हर मिळालेत, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. बर्फाची सवय आहे का, म्हणाले. मी म्हटलं, फ्रिजमधला खरवडलाय. खो खो हसले. जमेल आमचं.

९ जानेवारी
बर्फ थांबेना, गाडी हलेना. वीस तारखेला आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि मला पाहिल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून ती हटून बसलीय. ताई फोनवर टोमणे मारते, तू आईला आशेला लावण्यातच पटाईत. पलीकडच्या शहरात माल उतरला की तिथूनच मला रजा, असं ठरलंय. पण वस्ताद रस्ता ठरवायलाच चहावर चहा पितायत. घाटाने जवळ, नदीकाठाने लांब. मी घाट घाट करतो, तर म्हणतात, घाटाला घाईतली माणसं फार आवडतात. डोकं फिरलं माझं.

१२ जानेवारी
निघालो एकदाचे. नदीकाठानेच! निघताना इथे एक खूळ आहे. वायरलेसवरची बाई खिडकीतून रस्ता विचारते, दोघांनी मोठ्याने सांगायचा. मग तो बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर आधी तिला कळवायचं, तिने रद्द म्हटल्यावरच वळायचं. मी विचारलं, नाही कळवलं तर? ती म्हणाली, मग सांगितलेल्या रस्त्याने कोण जाईल? तोंडावरची माशीही हलली नाही तिच्या.

१४ जानेवारी
बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या मागे नुसतं रांगतोय. चालत पोचलो असतो! दुपारी वस्ताद घोरत होते, घाटाचा फाटा आला, वळवली गाडी. वायरलेसवर बोललो असतो तर ते जागे झाले असते. उठल्यावर त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच विचारलं, की रद्द करून घेतलंस का. नाही म्हटल्यावर त्यांनी वायरलेस उचलला. आता वायरलेसही लागत नाही.

१५ जानेवारी
घाट संपत नाही. वळण, चढ, वळण. समोरून एक गाडी नाही. डिझेलचा काटा सकाळी होता तिथेच आहे. गाडी मागे वळवली, तर मागेही चढच.

१६ जानेवारी
वायरलेस लागला. बाई वैतागली, म्हणाली, कसली चेष्टा? तुमची गाडी कधीच पोचली, नदीकाठाने. माल उतरतोय. धाकटा ड्रायव्हर रजेवर निघालासुद्धा.
धाकटा म्हणजे मी ना!
ओरडून घसा बसला. वस्ताद मात्र हसले. म्हणाले, पोचलो ना मी, मग झालं. पांघरूण ओढून घेतलं.

१७ जानेवारी
वस्ताद नाहीत. पांघरूण गरम आहे. दार आतून बंद. काचेबाहेर बर्फावर एक पाऊल नाही—
मी नाही पोचलो. मी इथे आहे. इथे.

१८ जानेवारी
ताईला फोन लागला. म्हणाली, कोण बोलतंय? भाऊ तर समोर जेवतोय. कधी नव्हे ते शहाण्यासारखा वागतोय म्हणे. एकदाही भांडला नाही.
हाडाचा भांडखोर मी, आणि हिला संशय येत नाही!

२० जानेवारी
आज ऑपरेशन. फोन आईनेच उचलला. हळू आवाजात म्हणाली, तो पायाशी बसलाय, पापणी लवत नाही त्याची. खरा तू आहेस. तू येईपर्यंत मी आत जायची नाही.
डॉक्टर म्हणतात, आज नाही तर मग नाही. ताई मागे रडत होती.
सकाळपासून चालवतोय. वळण. चढ. वळण—

परत फोन केला. आईला सांगितलं, चेष्टा केली गं. तुझ्या पायाशी बसलाय तो मीच. पोचलोय मी. जा आत.
मग म्हणाली, हात दे रे. हे मला नाही, त्याला म्हणाली.

बरं झालं. आता गेली असेल आत—
हात हलके झालेत. पेन दाबतोय तरी अक्षर फिकं—
आई, त्याचा हात घट्ट नको ध